मुंबईत डॉल्फिन ‘परत’ आले नव्हते! मग डॉल्फिन कुठे राहणार, हे ठरतं कसं?

मार्च २०२०चे ते दिवस आठवतात? रस्ते ओस पडत चालले होते, सगळे घरात अडकले होते आणि व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरत होता. मुंबईच्या किनाऱ्याजवळ पाण्यातून वर येणाऱ्या डॉल्फिनच्या काळपट पाठी. सोबतचा मजकूरही ठरलेला : माणूस घरात बसला आणि निसर्ग परत आला! त्याच सुमारास इटलीतल्या व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याचा व्हिडिओही जगभर गाजला. पुढे कळलं की तो व्हेनिसचा नव्हताच. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सार्डिनिया बेटावरच्या बंदरात तो काढलेला होता.

मुंबईचे डॉल्फिन मात्र खरे होते. चुकीचा होता तो फक्त ‘परत आले’ हा शब्द. कारण ते कुठे गेलेच नव्हते. मुंबईलगतच्या समुद्रात लॉकडाऊनच्या आधीही डॉल्फिन दिसायचे, नंतरही दिसत राहिले. होडी घेऊन रोज समुद्रात जाणाऱ्या कोळ्यांना त्यात काही नवल नव्हतं.

आता मुंबईतून खाली मालवणला या. तारकर्ली-देवबागला ‘डॉल्फिन बघायला चला’ म्हणून बोटवाले हाका मारतात. सकाळी पर्यटक बसले की बोट थेट कर्ली खाडीच्या मुखाकडे किंवा किनाऱ्यालगतच्या ठरावीक पट्ट्यात जाते. अर्ध्या समुद्रभर शोधाशोध करावी लागत नाही. अरबी समुद्र एवढा अफाट, डॉल्फिनला पोहायला कुणाची आडकाठी नाही. तरीही बोटवाल्याला ते नेमके कुठे भेटतील, याचा अंदाज असतो. हे कसं काय?

याचं उत्तर तीन गोष्टींत आहे : खायला काय मिळतं, पाणी कसं आहे आणि सोबत कोण आहे. जगातल्या कुठल्याही डॉल्फिनचा पत्ता या तीन गोष्टींवरून लागतो. आणि कोकणातले डॉल्फिन आज अडचणीत का आहेत, तेही यातूनच कळतं.

आधी ओळख : किनाऱ्यावरून दिसतो तो डॉल्फिन कोणता?

आपल्या किनाऱ्यावरून दिसणारा डॉल्फिन बहुतेकदा ‘हंपबॅक’ जातीचा असतो. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो, बैलाच्या वशिंडासारखा, आणि त्या उंचवट्यावर छोटासा पर. रंग करडा. सिनेमात किंवा शोमध्ये दिसतो तो ‘बॉटलनोज’ डॉल्फिन वेगळा. त्यामुळे हंपबॅकने उंच उड्या मारल्या नाहीत तर हिरमुसू नका. तो बहुतेक वेळा पाठ दाखवून शांतपणे बुडी मारतो.

दक्षिण आफ्रिकेपासून पूर्व आफ्रिका, अरबस्तानचा किनारा, पर्शियन आखात ते भारताचा पश्चिम किनारा असा या जातीचा विस्तार आहे. नकाशावर ही रेघ हजारो किलोमीटर लांब दिसते. पण लांबीवर जाऊ नका, रुंदी बघा. हा डॉल्फिन बहुतेकदा २५ मीटरपेक्षा कमी खोल पाण्यातच राहतो, म्हणजे किनाऱ्यापासून फार तर काही किलोमीटर. त्याचं घर म्हणजे किनाऱ्याला चिकटलेली एक अरुंद फीत आहे.

आता या फितीबाहेर तो का जात नाही, ते पाहू.

पहिली गोष्ट : मासळी

सस्तन प्राणी असल्यामुळे डॉल्फिनचं रक्त उष्ण. थंड पाण्यात शरीर गरम ठेवायचं, सतत पोहायचं, श्वासासाठी वर यायचं, म्हणजे इंधन भरपूर लागणार. एक-दोन दिवस नीट खायला मिळालं नाही तर त्याला ते जड जातं. म्हणून मासळी जिथे हमखास, तिथेच डॉल्फिन.

कोकणात ही हमी कुठे मिळते? खाडीच्या तोंडाशी. पावसाळ्यात सह्याद्रीवरून धावत आलेल्या नद्या गाळ आणि पोषक द्रव्यं घेऊन समुद्राला मिळतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्या खायला बारीक जीव येतात, त्यांच्या मागे तारली, पेडवे, बांगडे. खाडीच्या मचूळ पाण्यात बोय असते, तळाशी ढोमे असतात. भरती-ओहोटीच्या वेळी हे मासे अरुंद मुखातून ये-जा करतात. डॉल्फिनसाठी हा प्रकार म्हणजे नाक्यावर उभं राहण्यासारखा. गिऱ्हाईक आपणहून समोरून जातं.

पण मासळी काही डॉल्फिनच्या सोयीने वागत नाही. तारलीचंच बघा. पश्चिम किनाऱ्यावरचा हा सगळ्यात भरवशाचा मासा, आणि तितकाच लहरी. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये हा आकडा साडेतीन हजार टनांच्याही खाली गेला. माणसाने अशा वेळी दुसरा मासा आणला, दर वाढवले, बोट लांब नेली. डॉल्फिनला आहे त्याच पट्ट्यात दुसरं काही शोधावं लागतं. हंपबॅक डॉल्फिन बरेच प्रकारचे मासे खातो, तीच त्याची जमेची बाजू.

ज्यांना अशी लवचिकता नाही, त्यांचं काय होतं ते उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दिसतं. ‘किलर व्हेल’ नावाने ओळखला जाणारा ऑर्का खरं तर डॉल्फिनच्याच कुळातला, सगळ्यात मोठा. सिअॅटल आणि व्हँकुव्हरजवळच्या समुद्रात ऑर्काचे एक कुटुंब मुख्यतः चिनूक जातीच्या सामन माशावर जगतं. नद्यांवर धरणं झाली, मासेमारी वाढली, चिनूक घटला. आज हे ऑर्का सुमारे ७५ उरलेत. गंमत म्हणजे त्याच समुद्रात ऑर्काची दुसरी जमात आहे, जी सील आणि इतर सस्तन प्राणी खाते. सीलना संरक्षण मिळालं, त्यांची संख्या वाढली, तशी ही जमातही सावरली. एकच समुद्र, एकच प्राणी, पण ताटात काय आहे त्यावरून नशीब वेगळं. आणि या दोन जमाती एकमेकींत मिसळतही नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

दुसरी गोष्ट : पाणी आणि तळ

फक्त मासळी बघून डॉल्फिनचा पत्ता सापडत नाही. जागाही मानवली पाहिजे.

गंगेतल्या डॉल्फिनचं उदाहरण घ्या. भारताचा हा राष्ट्रीय जलचर जवळपास आंधळा आहे. त्याच्या डोळ्यात भिंगच नसतं. गढूळ पाण्यात तो आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा ओळखतो. नदीत तो कुठेही राहत नाही. दोन नद्यांचा संगम, नदीचं वळण, पुलाच्या खांबामागचा खोल डोह अशा जागा तो निवडतो. तिथे प्रवाह उलटा फिरतो, भोवरा तयार होतो. मासे अशा संथ पाण्यात थांबतात आणि डॉल्फिनलाही प्रवाहाशी झुंजण्यात ताकद घालवावी लागत नाही.

२०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या नद्यांत ६,३२७ डॉल्फिन असल्याचा अंदाज आला. यातले बहुतेक उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये. यापैकी अवघे तीन सिंधू डॉल्फिन, पंजाबातल्या बियास नदीतले. म्हणजे नदीत नुसतं पाणी असून भागत नाही. डोह हवेत, प्रवाह हवा, वाट मोकळी हवी. धरण किंवा बंधारा आला की डोह वेगळे होतात आणि एका बाजूचे डॉल्फिन दुसऱ्या बाजूच्यांपासून कायमचे तुटतात.

जागा निवडताना आणखी एक हिशेब असतो, जिवाचा. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘शार्क बे’ नावाचा उपसागर आहे. नाव उगाच पडलेलं नाही. तिथल्या डॉल्फिनपैकी दर चारातल्या साधारण तिघांच्या अंगावर शार्कने चावल्याच्या खुणा आहेत. या उपसागरात समुद्री गवताच्या उथळ पट्ट्यात मासे भरपूर. पण उन्हाळ्यात टायगर शार्कही तिथेच फिरतात. त्या दिवसांत डॉल्फिन भरलेलं ताट सोडून कमी मासळीच्या खोल पाण्याकडे सरकतात. थंडीत शार्क कमी झाले की पुन्हा उथळात येतात. म्हणजे ‘डॉल्फिन दिसतो तिथे सगळ्यात जास्त मासळी’ असं समीकरण दरवेळी मांडता येत नाही. जेवण आणि सुरक्षितता यांचा जिथे मेळ बसतो, ती जागा त्याची.

कोकणातलं उथळ, गढूळ पाणी आपल्याला फारसं आकर्षक वाटत नाही. स्नॉर्कलिंग करणारे तर नाकच मुरडतात. पण आवाजाने ‘बघणाऱ्या’ हंपबॅकला गढूळपणाची अडचण नाही. शिवाय उथळ पाण्यात पिल्लाला घेऊन राहणं मोकळ्या समुद्रापेक्षा सोपं.

तिसरी गोष्ट : सोबत

आता सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. डॉल्फिन एकट्याच्या अकलेवर जगत नाही.

आधी कळपाचा आकार बघा. किनाऱ्यालगत राहणारे हंपबॅक डॉल्फिन सहसा दहाच्या आतबाहेरच्या गटात दिसतात. खोल समुद्रातले काही डॉल्फिन शेकड्यांनी एकत्र फिरतात. कारण साधं आहे. किनाऱ्यावर मासळी छोट्या छोट्या घोळक्यांत विखुरलेली असते. शंभर जण एका ठिकाणी गेले तर कुणाचंच पोट भरणार नाही. उलट भर समुद्रात माशांचे थवे अवाढव्य असतात, पण ते शोधावे लागतात, आणि शार्क कुठूनही येऊ शकतो. तिथे जितके डोळे आणि कान जास्त, तितकं बरं.

दुसरी गोष्ट शिकण्याची. डॉल्फिनचं पिल्लू आईजवळ काही वर्षं काढतं. या काळात ते फक्त दूध पीत नाही, तर परिसर शिकतं : भरतीला कुठे जायचं, कुठला मासा कसा पकडायचा, धोका कुठे. शार्क बेमधले काही बॉटलनोज डॉल्फिन समुद्राच्या तळावरचा स्पंज तोडून तोंडावर मोज्यासारखा चढवतात आणि वाळू-खडे उकरून लपलेले मासे बाहेर काढतात. तोंडाला ओरखडे येऊ नयेत म्हणून ही युक्ती. ही विद्या आईकडून पिल्लांकडे जाते, त्यातही मुलींकडे जास्त. आता स्पंज वाढतात खोल खाडीपट्ट्यात. त्यामुळे ज्यांना ही विद्या येते ते डॉल्फिन तिथेच जास्त वेळ असतात. त्याच उपसागरातल्या इतर डॉल्फिनना ती जागा फारशी कामाची नाही. म्हणजे आईने काय शिकवलं, त्यावरून मुलीचा पत्ता ठरला.

ब्राझीलच्या लगुना शहरात तर या सोबतीत माणूसही आहे. तिथे मच्छीमार कमरेभर पाण्यात पाग घेऊन उभे राहतात. डॉल्फिन बोयचे थवे त्यांच्याकडे हाकत आणतात आणि विशिष्ट पद्धतीने डोकं किंवा शेपटी हलवून इशारा देतात. इशारा मिळाला की पाग पडतो. भेदरलेले, फुटलेले मासे डॉल्फिनच्याही तोंडी लागतात. ही पद्धत तिथे शंभरहून अधिक वर्षं चालत आलीय. पण तिथले सगळेच डॉल्फिन यात नसतात. जे असतात ते एकमेकांच्या संगतीत जास्त राहतात, मच्छीमारांच्या जागेभोवतीच फिरतात आणि इतरांपेक्षा त्यांची जगण्याची शक्यताही जास्त असल्याचं आढळलंय.

ऑर्कांच्या दोन जमाती का मिसळत नाहीत, त्याचंही उत्तर इथेच आहे. सामन खाणारे मोठ्या कुटुंबात राहतात, जन्मभर आईला सोडत नाहीत आणि शिकार करताना भरपूर बोलतात. सील खाणारे लहान टोळीत, जवळपास मुक्याने फिरतात, कारण सीलचे कान तिखट असतात. दोघांची खाण्याची रीत, बोली, शिस्त सगळंच वेगळं झालंय.

तिन्ही गोष्टी एकाच दिवसात

हे तीन धागे एकत्र बघायचे तर हवाई बेटांवरचा स्पिनर डॉल्फिन बघा. हवेत गिरक्या घेत उडी मारणारा म्हणून हे नाव. रात्री तो खोल समुद्रात जातो, कारण अंधार पडल्यावर खोलातले छोटे मासे, कोळंबीसारखे जीव आणि माकूळ वर येतात. तिथे मोठ्या कळपाने मिळून शिकार. दिवस उजाडला की तो किनाऱ्याजवळच्या उथळ, पांढऱ्या वाळूच्या उपसागरात झोपायला येतो. पांढऱ्या तळावर शार्क लगेच ओळखू येतो आणि कळप एकमेकांना चिकटून विश्रांती घेतो.

मासळी एका जागी, झोप दुसऱ्या जागी, आणि दोन्हीकडे सोबत हवीच. पर्यटकांना हे डॉल्फिन नेमके दिवसा, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी दिसायचे. मग बोटी यायच्या, लोक पोहायला उतरायचे. अखेर २०२१ मध्ये अमेरिकेने नियम केला : किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत या डॉल्फिनच्या ५० यार्डांपेक्षा, म्हणजे साधारण ४५ मीटरपेक्षा जवळ जायचं नाही.

मग त्रास होतो तर दुसरीकडे का जात नाहीत?

सोशल मीडियावर हा प्रश्न नेहमी येतो. समुद्र एवढा मोठा आहे, जातील की कुठेतरी!

आता याचं उत्तर तुमच्याकडे आहे. खोल समुद्रात हंपबॅकचं ओळखीचं अन्न नाही. तिथे टिकायला शेकडोंचा कळप लागतो, याचा दहा-बारा जणांचा. शार्कपासून लपायला गढूळ, उथळ पाणी नाही. आणि आईने जे शिकवलं, ते या खाडीचं, या किनाऱ्याचं. पन्नास किलोमीटर दूर समुद्रात त्या शिकवणीचा उपयोग शून्य. राहता राहिला किनाऱ्याने पुढे सरकण्याचा पर्याय. पण पुढेही बंदर, जाळी आणि बोटी आहेतच.

त्यामुळे डॉल्फिन रोज दिसतो म्हणजे तो मजेत आहे, असं नाही. जायला जागा नसलेलाही रोजच दिसतो.

कोकणात हा प्रश्न जास्त नाजूक का?

कारण डॉल्फिनची ती अरुंद फीत माणसालाही तितकीच हवी आहे. रापण याच पट्ट्यात ओढली जाते. छोट्या होड्यांची गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखी उभी राहणारी जाळी, इथेच लागतात. बंदरं, जेटी, सांडपाणी, पर्यटकांच्या बोटी, सगळं इथेच.

मासळी एकच आणि मागणारे दोन, म्हटल्यावर गाठ पडणारच. जाळ्यात आयती अडकलेली मासळी डॉल्फिनला सोपी वाटते. तो ती ओढतो, जाळं फाटतं. हातावर पोट असलेल्या मच्छीमाराचं हजारोंचं नुकसान होतं, त्याचा संताप समजण्यासारखा आहे. कधी डॉल्फिनच जाळ्यात गुरफटतो. त्याला श्वासासाठी वर येता आलं नाही तर तो पाण्यातच गुदमरून मरतो. मादी साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू देते. म्हणून छोट्या गटातली एक मादी गेली तरी ते नुकसान लवकर भरून येत नाही. आणि तिच्याबरोबर तिला ठाऊक असलेल्या जागाही जातात.

हंपबॅक डॉल्फिन आज जगाच्या ‘रेड लिस्ट’मध्ये संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार डॉल्फिनला सर्वोच्च संरक्षण आहे, म्हणजे तो मारणं किंवा पकडणं गंभीर गुन्हा. पण जाळ्यात चुकून अडकलेल्या डॉल्फिनला कायदा सोडवू शकत नाही. ते काम त्या क्षणी होडीत असलेला माणूसच करतो, आणि त्यासाठी त्याला स्वतःचं जाळं कापावं लागतं.

महाराष्ट्र सरकारने हे ओळखून डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना आणली. डॉल्फिन, समुद्री कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडवल्याचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून द्यावे लागतात. प्राणी वाचवण्याचा भुर्दंड एकट्या मच्छीमारावर पडू नये, हा त्यामागचा विचार.

पुढच्या वेळी बोटीत बसाल तेव्हा

यात पर्यटकाचाही वाटा आहे. डॉल्फिन दिसला की ‘अजून जवळ घ्या ना’ असा आग्रह बोटवाल्याला आपणच करतो. चार बोटी चारी बाजूंनी येतात, इंजिनं घरघरतात. आवाजाने बघणाऱ्या प्राण्यासाठी हा गोंगाट म्हणजे डोळ्यांवर टॉर्च मारल्यासारखा. शिकार चुकते, आई-पिल्लाची ताटातूट होऊ शकते.

म्हणून लांब थांबा, इंजिन कमी किंवा बंद करायला सांगा. डॉल्फिनचा पाठलाग करू नका, त्याच्या वाटेत बोट घालू नका. सोबत पिल्लू दिसलं तर थोडा वेळ बघून निघा. आणि बोटवाल्याला आधीच सांगा की जवळ नाही नेलंत तरी चालेल. जवळ नेलं नाही तर गिऱ्हाईक नाराज होईल, ही भीती त्यालाही असते.

आणि ‘डॉल्फिन परत आले’ असा व्हिडिओ पुन्हा तुमच्या ग्रुपवर आला, तर फॉरवर्ड करताना एक ओळ जोडा : हे इथलेच आहेत, आणि यांना दुसरीकडे घर नाही.